शेपटाचं गाणं

माझे बाबा डिस्कोला ‘डबे बडवणं’ म्हणायचे, आणि त्याच डब्यांवर आमचं घर चालायचं. ऐंशीच्या दशकात त्यांचं कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट ठेवून जाई; बाबा तबकड्यांवरून गाणी उतरवून देत. वरचे तीन कप्पे डिस्कोचे, चौथा रॉकचा, पाचवा नव्या पॉपचा. पार तळाशी, केरसुणीशेजारी, बाबांच्या आवडीची संथ, जुनी गाणी.

बाबांना एक खोड होती. यादी संपून फितीवर तीनेक मिनिटं उरली, की तिथे ते न विचारता तळाच्या कप्प्यातलं एक गाणं भरायचे. म्हणायचे, "कोरी जागा परत देणं बरं दिसत नाही." लोक त्या गाण्याला ‘शेपूट’ म्हणत आणि बाबांना ‘शेपूटवाले’. समोरचा शिंपी तर दर वेळी बजावायचा, "ओ शेपूटवाले, या खेपेला रडगाणं नको हं. माझं मशीन झोपतं!" बाबा मान डोलवायचे आणि करायचं तेच करायचे.

मी त्यांचीच मुलगी, पण पक्की डिस्कोवाली. शेवटचा ठोका पडला की खटकन बटण दाबायचे, बाबा समोर बसलेले असले तरी.

पुढे कॅसेटींना कुत्रं विचारेना. सत्तरीला आलेल्या बाबांनी दुकान बंद करायचं ठरवलं आणि मी आवराआवरीला गेले. खोकी भरता भरता ते म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना शेपटं लावली. एकानं तरी ऐकलं असेल का गं? तेवढं कळलं असतं, तर बरं झालं असतं."

"ऐकलं असेल की," मी घाईघाईनं म्हणाले. खोटं बोलताना मी नेहमीच घाई करते.

दुपारी शिंपी तुटलेली कॅसेट घेऊन आला. बाबांनी फीत जोडली आणि लावून पाहिली. डिस्को अगदी खणखणीत, कालच भरल्यासारखं. मग शेपूट आलं. आवाज दबलेला, कुणी तोंडावर उशी धरून गावं तसा.

"सारखं मागे नेऊन ऐकलं की फीत अशी घासते," बाबा हळूच म्हणाले.

शिंपी खाली बघू लागला. "काजं करताना लावतो. हाताचं काम ते, त्याला घाई चालत नाही. आता हे गावभर करू नका म्हणजे झालं."

बाबांनी चष्मा पुसला. पुसून झाला, तरी पुसतच राहिले.

घरी येऊन मी माझी जुनी कॅसेट शोधली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत चालू दिली. डिस्को संपलं आणि नुसती खरखर. शेपूट नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट घेऊन दुकानात गेले. "बाबा, मलाच कसं नाही लावलं?"

"पहिल्या दोन-तीन कॅसेटींना लावलं होतं. तू बंद करायचीस. म्हटलं, पोरीला उगाच त्रास कशाला." त्यांच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. रागावले असते, तर मला सोसलं असतं.

मी कॅसेट पुढे केली. "तीन मिनिटं आहेत. आता भरा."

बाबांनी बांधलेलं खोकं सोडलं. "कोणतं भरू?"

"मला काय माहीत? मी कुठे ऐकलीत!"