एक पाय जमिनीवर

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि मोठे शब्द येत नाहीत. पण आमच्या गोंदियाच्या स्नूकर क्लबमध्ये दोन माणसं अशी आहेत, की त्यांचे किस्से डोक्यात साचतच जातात. राईस मिलमध्ये कोंड्याचा ढीग साचतो ना, तसे. एक ओढायला जावं तर चार घसरून अंगावर येतात! शालिक गुरुजी म्हणाले, "लिही गा. चुका मी पाहतो." म्हणून लिहितोय.

क्लब हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. मालक पप्पूभैया, त्यांचं सगळं हिंदीत. शालिक गुरुजी देवरीकडे शाळेत शिकवतात आणि दर रविवारी बसने येतात. त्यांचा डावा हात कोपराच्या पुढे थोडासाच आहे, त्यावरच ते क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवतात. दुसरे देवाजीभाऊ, मूळचे सौंदडचे, इथे झेरॉक्सचं दुकान चालवतात. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नकली आहे. दोघंही भल्याभल्यांना हरवतात. मी मिलमधली ड्युटी संपवून पहिल्यांदा तो जिना चढलो, ते या दोघांना पाहायलाच.

*

माझा पहिलाच आठवडा. मी बुटका. पांढरा बॉल लांब होता, म्हणून मी टेबलावर आडवाच झालो आणि शॉट मारला.

"फाऊल!" कोपऱ्यातल्या स्टुलावरून देवाजीभाऊ ओरडले.

मला कळेना. बॉल तर बरोबर लागला होता!

"शॉट मारतानी एक तरी पाय जमिनीले टेकून पाहिजे. नियम होय तो." मग माझ्या चपलांकडे पाहून म्हणाले, "मी एवढ्या खटपटीनं टेकवून राहिलो, अना तू दोनी उडवून राहिला!"

सगळे हसले. मी हसावं की नाही, ते मला कळलं नाही. म्हणून मी पाणी प्यायला गेलो.

*

देवाजीभाऊंचा पाय कसा गेला?

मला त्यांनी सांगितलं, "नवेगावच्या जंगलात वाघ भेटला." मी घरी जाऊन आईला सांगितलं, आईने शेजारी सांगितलं. पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या एका पोराला ते सांगत होते, "लगनात नाचता नाचता गेला. नवरी दुसऱ्याची होती, मीच जास्त नाचलो." टेबलाचं कापड बदलायला आलेल्या कारागिराला म्हणाले, "घरीच ठेवून आलो, गर्दीत लोक तुडवतात."

मी गोंधळलो. शेवटी गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं. गुरुजी शिक्षक माणूस, खरं बोलतील.

"मले तं त्यानं सांगितलं, अर्जुनी मोरगावच्या तळ्यात मगरीनं नेला."

"तिथं मगर आहे, गुरुजी?"

"नाही. पण पाय पण नाही ना!"

*

एकदा बाहेरगावचे एक साहेब खेळायला आले. त्यांचा क्यू त्यांचा स्वतःचा, पेटीत ठेवलेला. गुरुजींनी त्यांना ओळीने तीन गेम हरवलं. साहेब भले होते. कौतुकाने म्हणाले, "मास्टर, कमाल आहे! आम्हाला दोन हात असून जमत नाही, तुम्हाला एका हाताने कसं जमतं?"

गुरुजी क्यूच्या टोकाला खडू घासत म्हणाले, "मले एकच हात आहे, म्हणून चूक कोणाची ते लगेच समजते. तुमचे दोघं एकमेकावर ढकलत असतील."

साहेब बराच वेळ आपल्या दोन्ही हातांकडे पाहत बसले. खरं सांगतो, मीही पाहिलं.

*

एका मंडळाने देवाजीभाऊंचा सत्कार ठेवला. क्लबमध्येच! शाल, नारळ, आणि मोठी भेट म्हणून चाकांची खुर्ची.

आता देवाजीभाऊ चालतात. रोज बावीस पायऱ्या चढून येतात. पण मंडळाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मंडळानेही विचारलं नव्हतं. दोन कार्यकर्ते आणि अध्यक्ष मिळून ती खुर्ची जिन्यावरून वर आणत होते, घामाघूम. त्यांच्या पुढे देवाजीभाऊ सरसर चढत होते आणि मागे वळून सांगत होते, "हळू! वळणावर भिंत लागते! अध्यक्षसाहेब, बोट सांभाळा!"

वर येऊन अध्यक्षांना धाप लागली. भाषण करवेना. देवाजीभाऊंनी खुर्ची उघडली आणि त्यांनाच तीत बसवलं. "बसा साहेब. तुमच्या कामाची आहे."

फोटोत शाल देवाजीभाऊंच्या अंगावर आहे आणि खुर्चीत अध्यक्ष आहेत. हल्ली ती खुर्ची खाली दुकानात असते. पाण्याचे कॅन टपरीपासून जिन्यापर्यंत तिच्यातच येतात.

*

पुढचा किस्सा माझ्याच चुकीचा आहे. लिहू की नको, असं झालं होतं. गुरुजी म्हणाले लिही.

देवाजीभाऊ एका दुपारी माझ्याशी खेळत होते. त्या दिवशी नकली पाय त्यांना घासत असावा. ते लंगडत होते, ओठ दाबत होते. गुलाबी बॉल अगदी पॉकेटच्या तोंडाशी होता आणि पाळी माझी होती. लहान पोरानेही घातला असता. मी मुद्दाम चुकवला.

भाऊंनी क्यू भिंतीला टेकवला. गुलाबी बॉल हाताने उचलून परत होता तिथं ठेवला. पांढराही ठेवला.

"मार."

"भाऊ, चान्स गेला माहा."

"मार म्हणतो ना बे!"

मी मारला. गेला आत.

"म्हणजे येते तुले," ते म्हणाले. "खोट्यानं हरणाऱ्यासंगं मी खेळत नाई."

आणि जिना उतरून गेले. आमच्या क्लबची रीत आहे, हरलेल्याने पुढच्या गेमचे बॉल लावायचे. त्या दिवशी बॉल कोणीच लावले नाहीत. पुढे वर्षभर ते माझ्याशी बोलले, चहा पाजला, पण खेळले नाहीत. मी किती वेळा म्हटलं, "भाऊ, एक गेम?" ते म्हणायचे, "गुरुजीसंगं खेळ." मला वाटायचं, मी तर चांगलंच केलं होतं. मग चुकलं काय?

*

मग क्लबची स्पर्धा आली. चिठ्ठ्या टाकल्या, मी कसाबसा जिंकत गेलो, आणि फायनलला समोर देवाजीभाऊ! आता त्यांना खेळावंच लागणार होतं. मला आदल्या रात्रीपासून जेवण गेलं नव्हतं.

शेवटचा गेम. माझे पाच गुण जास्त. टेबलावर फक्त काळा बॉल, सात गुणांचा. जो घालेल तो जिंकला. फाऊल केला तर समोरचा जिंकला.

पाळी भाऊंची. पांढरा बॉल लांब. ते टेबलावर पसरले, डावा पाय हवेत गेला, खाली राहिला तो नकली. शॉट मारला. काळा सरळ पॉकेटमध्ये!

टाळ्या पडल्या. तेवढ्यात रेफरी पप्पूभैया म्हणाले, "एक मिनट. पाँव?"

त्यांनी भाऊंच्या बुटाकडे बोट दाखवलं.

"मतलब, नीचे जो था, वो पाँव है कि जूता?"

गुरुजींनी मोबाईलवर नियम काढला. वाचून म्हणाले, "फूट, म्हणजे पाय, एवढंच लिहिलं आहे. कशाचा ते लिहिलं नाही."

"नितेश," पप्पूभैया माझ्याकडे वळले, "सामनेवाला तू है. तू बोलेगा वो फाइनल."

माझ्या डोक्याचा भुगा झाला. फाऊल म्हणावं तर माणसाच्या पायावर कप घेतल्यासारखं. नाही म्हणावं तर परत गुलाबी बॉल. भाऊ टेबलाला टेकून खडू घासत होते, मारायला काही उरलं नसताना.

मी सरळ विचारलं, "भाऊ, तो पाय तुमचा होय का?"

कोणीतरी "अबे!" म्हणालं. भाऊ मात्र हसले.

"एक देवानं देला, न विचारता. दुसरा मी सोता घालून, चालून, निवडून आणलो. तूच सांग गा, जास्त माहा कोणता?"

"मंग तो पायच होय," मी म्हणालो.

पप्पूभैयांनी हात वर केला. "फाऊल नहीं!"

"फाऊल आहे, भैया," मी म्हणालो.

"अरे, अभी तो बोला पाँव है!"

"पाय आहे म्हणूनच फाऊल आहे. शॉटच्या टायमाले तो टेकला नव्हता. दोन बोटं वर होता."

देवाजीभाऊंनी बुटाकडे पाहिलं. "मले तं टेकल्यासारखाच वाटला. पण त्याले काही समजत नाई ना गा. तू पाहिला?"

"पाहिलो."

"सगळे बॉल पाहून राहिले होते. तू खाली कायले पाहत होता?"

"मले तुमाले हरवाचं होतं, भाऊ."

भाऊंनी क्यू स्टँडला लावला आणि जिना उतरून गेले. कप माझ्या हातात आणि मला काही म्हणजे काही कळेना!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलला न जाता क्लबवर गेलो. दार उघडं होतं. टेबलावर सगळे बॉल लावून ठेवलेले. कोपऱ्यातल्या स्टुलावर देवाजीभाऊ खडू घासत बसले होते.

मी चपला काढल्या, दोन्ही पाय फरशीवर नीट टेकवले आणि सुरुवातीचा ब्रेक मारला.