फावडं कुणाकडे आहे?

गावाला नदी आहे, पण तिचा उपयोग बघण्यापुरता. गाव टेकाडावर आणि नदी खाली, पार पायथ्याशी. धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात, इथे तर उशालाही काही नव्हतं. म्हणून जुन्या माणसांनी लांब डोंगराकडून, नदी जिथे उंचावर आहे तिथून, एक पाट खणत आणला. खणताना सगळे एक होते. पाणी आल्यावर भांडायला लागले. वरच्या अंगाच्या शेतांनी पाणी पिऊन टाकायचं आणि खालच्यांनी चिखल बघत बसायचं, असं बरीच वर्षं चाललं. डोकी फुटली, सोयरिकी मोडल्या. शेवटी तोडगा निघाला तो एका फावड्याचा. गावाचं फावडं ज्याच्या हातात, त्याच्या शेताला पाणी. त्याचं भिजलं की त्याने ते पुढच्याच्या फाटकाला टेकवून ठेवायचं. दुसऱ्या कुठल्याही अवजाराने पाटाचं दार मोडायचं नाही, म्हणजे तोंडाची माती ओढून पाणी शेतात घ्यायचं नाही, मग घरात दहा फावडी का पडलेली असेनात. आणि हे सगळं सरळ चाललंय ना, ते बघायला एक पाटकरी.

सध्याच्या पाटकऱ्याला गाव ‘भोंगा’ म्हणतं. पूर्वी गावात तेलाची गिरणी होती आणि तिच्या भोंग्यावर माणसं उठायची, जेवायची, झोपायची. गिरणी बंद पडली त्याच सुमारास याने वडिलांकडून पाटाचं काम घेतलं आणि पहिल्याच दिवशी काठावरून जी आरोळी ठोकली, ती बाजारपेठेच्या टोकापर्यंत गेली. ‘गिरणीचा गेला, पाटाचा आला,’ असं कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्याची बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने हाक मारते.

माणूस तसा सरळ, पण राग नाकावर. आणि त्याचं तरी काय चुकलं? गिरणी गेल्यावर गाव बटाट्याकडे वळलं, तेव्हा शीतगृहवाल्यांनी पाटाच्या काठावर गाड्या उभ्या करून काठ खचवला. मोठा रस्ता झाला, तेव्हा ठेकेदाराने खडी पाटात लोटली. आता गिरणीच्या जागेवर घरं होताहेत आणि रस्त्याच्या बाजूला गोदामं येताहेत, तर गवंडी पाटात घमेली धुतो. प्रत्येकाला हा एकटा ओरडतो. ‘अरे, या पाटामुळे गाव आहे! पाट नसता तर तुम्ही इथे काय दगड खाल्ले असते?’ लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि तो वळला की पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी मात्र त्याचा पारा सकाळीच चढला. पाळी त्याच्या थोरल्या बहिणीची होती. आईच्या माघारी याला हिनेच वाढवलं. मेहुणे गेल्यापासून ताई एकटीच शेत बघायची. या हंगामात ती लागवड करायला का कू करत होती, म्हणून भोंग्याने स्वतःच रोपवाटिकेतून टोमॅटोची रोपं आणून तिच्या अंगणात ठेवली. ‘लाव आता. पाटाच्या तोंडची जमीन कुणी पडीक टाकतं का?’ तिने लावली. नाजूक रोपं, ऊन कडक. आज पाणी मिळालं नाही तर संध्याकाळपर्यंत माना टाकणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

आणि फाटकाला फावडं नव्हतं.

‘मी ठेवलंय!’ आदल्या पाळीचा शेंगावाला छातीवर हात मारून म्हणाला. ‘तुझ्या ताईच्या फाटकाला, असं, तिरकं टेकवून. माझ्या हाताने.’

‘मग त्याला काय पाय फुटले?’

‘ते मला काय विचारतोस? पाटकरी तू.’

भोंग्याने ताईला विचारलं. ती पडवीत धान्य निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘मी नाही बाई बघितलं.’

‘अगं, तुझी पाळी, तुझं फाटक! तुझं लक्ष असतं कुठे?’

ती खडे वेचत राहिली. ती गप्प राहिली की तो जास्त चिडतो, हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिला संशय गवंड्यावर, कारण गावात हरवलेली निम्मी अवजारं त्याच्याकडेच सापडतात. तो गिरणीच्या जागेवर नव्या भिंतीला गिलावा करत होता. ‘शपथ घेऊन सांगतो, तुझ्या फावड्याला मी हात लावत नाही,’ तो म्हणाला. ‘मागच्या वेळी लावला तर महिनाभर कान बधिर होते माझे.’ तरी भोंग्याने वाळूचा ढीग उपसून बघितला. ढिगातून शेजाऱ्याचं घमेलं निघालं, शाळेची बादली निघाली, फावडं नाही.

तिथून बाजारपेठ. या पेठेत एके काळी तेलाचे पिंप लावायला जागा पुरायची नाही. आता निम्म्या दुकानांना कुलपं आणि उरलेल्यांत बियाणं, औषधं आणि मोबाइलची कव्हरं. चहावाल्या मावशीच्या टपरीवर चौघे बसले होते. फावडं हरवलं म्हटल्यावर चौघांनाही उत्साह आला.

‘काल मी बघितलं ते. लाल दांड्याचंच ना?’ एक म्हणाला.

‘कुठे?’

‘काठावर. का परवा असेल?’

‘मी म्हणते,’ मावशी कप विसळत म्हणाली, ‘माझं घेऊन जा की. मागे चुलीपाशी पडलंय. रोपं जगल्याशी मतलब.’

भोंग्याने कपाळावर हात मारून घेतला. ‘मावशी, आज तुझं चाललं, तर उद्या प्रत्येक जण आपापलं घेऊन पाटावर उभा राहील. मग डोकी फुटतील तेव्हा पट्ट्या तू बांधणार का?’

‘आता कोण फोडतंय डोकी?’ मावशी म्हणाली. ‘पाण्यासाठी भांडायला शेतात माणूस तरी उरायला नको का?’

हे त्याला झोंबलं. तो चहा न पिताच उठला. शीतगृहाच्या पहारेकऱ्याने त्याला दारातच उभं करून नको इतकी चौकशी केली आणि शेवटी ‘इथे बटाटे ठेवतात, फावडी नाही’ असं ऐकवलं. परतताना वाटेत भेटेल तो सांगत होता, ‘अरे भोंग्या, पाणी वाया चाललंय! सगळं ओढ्याला मिळतंय!’

‘मला डोळे आहेत!’ तो ओरडला. दर वेळी ओरडला. पाणी खरंच ओढ्यातून खाली नदीला मिळत होतं. ज्या नदीतून एवढ्या कष्टाने उचलून आणलं, तिलाच परत.

ऊन डोक्यावर आलं. ताईच्या शेतातली रोपं आता मलूल दिसायला लागली होती. काठावर उभा राहून तो बघत राहिला आणि त्याच्या मनात जे कधी आलं नव्हतं, ते आलं. दार मोडून टाकावं. कुठल्याही फावड्याने. गाव नावं ठेवेल, शेंगावाला जन्मभर ऐकवेल, वडील असते तर त्यांनी तोंड बघितलं नसतं. पण ताईची रोपं डोळ्यांदेखत मरू द्यायची? नियम गेला खड्ड्यात. तो तडक तिच्या घरामागच्या खोपटात शिरला, तिथलं एखादं अवजार उचलावं म्हणून.

कोपऱ्यात बटाट्याची रिकामी पोती होती. पोत्यांच्या मागे, भिंतीला टेकून, लाल दांड्याचं फावडं उभं होतं. चिखलाचा कणही नव्हता त्यावर. गावाचं फावडं धुऊन ठेवणारं माणूस सबंध गावात एकच होतं.

तो ते हातात घेऊन बाहेर आला. ताई पडवीतून उठून दारात येऊन उभी होती.

‘हे काय आहे?’ त्याने विचारलं. आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्यालाच ते विचित्र वाटलं.

‘ओरड,’ ती म्हणाली. ‘ओरड की. सकाळपासून वाट बघतेय.’

‘ताई, का?’

‘मला नव्हती लावायची रोपं. दोनदा सांगितलं तुला. लेक बोलावतेय, तिच्याकडे जाऊन राहायचंय. गोदामवाले जमीन भाड्याने मागताहेत, देऊन टाकावी म्हणतेय. गुडघे राहिले नाहीत रे माझे. तू काय केलंस? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलास आणि दुसऱ्या दिवशी रोपं आणून ठेवलीस.’

‘मग नाही म्हणायचं ना, ठाम!’

‘तुला?’ ती हसली, पण डोळे भरून आले होते. ‘अरे, तुला नाही म्हणायचं म्हणजे गावाच्या बापजाद्यांना नाही म्हणायचं. म्हटलं, पाणी आलं नाही, रोपं गेली. कुणाचाच दोष नाही. तू फावड्यावर चिडशील, शेंगावाल्यावर चिडशील आणि मी सुटेन. तू गावभर असा वणवण फिरशील हे नाही आलं माझ्या ध्यानात.’

भोंगा पायरीवर बसला. त्याला संताप आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. आयुष्यभर गाव आपलं ऐकत नाही म्हणून तो कावला होता. आणि जिने त्याला बोटाला धरून चालायला शिकवलं, तिला त्याच्याशी दोन शब्द सरळ बोलण्यापेक्षा चोरी करणं सोपं वाटलं होतं.

फावडं मांडीवर आडवं घेऊन तो म्हणाला, ‘आता या रोपांचं काय करायचं?’

‘तू नियम मोडायला निघाला होतास ना? माझं खोरं उचलायला आला होतास?’

तो दांड्यावरची न दिसणारी माती नखाने खरवडायला लागला.

‘मग घाल पाणी,’ ताई म्हणाली. ‘लावलीत तर जगू देत. एवढी फळं येऊन जाऊ देत.’

‘आधी ठरव काय ते! सकाळी मारायची, दुपारी जगवायची!’ तो खेकसला आणि उठला. दोघांनाही जरा बरं वाटलं.

त्याने पाटाचं दार मोडलं. ताई पदर खोचून सरीच्या टोकाला उभी राहिली. पाणी वळवळत आलं, पहिल्या रोपाच्या बुंध्याशी थबकलं, मुरलं, पुढे सरकलं. नेहमी तो ‘डावीकडे बघ, फुटलं तिकडे’ असं ओरडत दारं धरायचा, पाणी एका सरीतून दुसरीत वळवायचा. आज ताईच हाताने खुणा करत होती आणि तो मुकाट्याने माती ओढत होता. काठावरून जाणारा शेंगावाला थांबला. ‘सापडलं वाटतं? कुठे होतं?’

ताईने मान खाली घातली.

‘माझ्याच घरी,’ भोंगा म्हणाला. ‘मीच ठेवून विसरलो.’

शेंगावाल्याला एवढा आनंद झाला की तो ही बातमी सांगायला पेठेकडे पळतच गेला.

शेवटची सरी भिजली. मग त्याने दार बंद केलं, फावडं काठावर टेकवलं आणि तिच्याकडे न बघता विचारलं, ‘कधी जाणार?’

‘तू म्हणशील तेव्हा.’

‘मी कशाला म्हणू?’ तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. मग तो आवाज फाटला, आणि त्याने तोंड फिरवलं. ‘मला विचारू नकोस, ताई. नुसतं सांग. मी ओरडलो तरी सांग.’