पहिल्या बेसवर बॅट टेकवणारा पद्या

अण्णांचा फोन आला तेव्हा मी दादरला भाजी घेत होतो. “पद्या गेलो रे...” एवढंच म्हणाले. अण्णा म्हणजे पद्याचे, आमच्या प्रदीपचे, वडील, नव्वदीकडे झुकलेले. हा फोन त्यांनाच करावा लागला, हे मला फार लागलं. त्याला आता महिना झाला. पण पद्याबद्दल लिहायला बसलो की रडू येण्याऐवजी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही.

नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. क्रिकेट सगळेच खेळायचो, पण सीमेवरून थेट यष्ट्यांवर फेक यायची ती पद्याचीच. तो हात पाहून शाळेतल्या सरांनी त्याला बेसबॉलकडे ओढलं. राज्याकडून खेळला, त्या जोरावर सरकारी नोकरी मिळायची वेळ आली, आणि नेमकं तेव्हाच जपानमधल्या एका छोट्या व्यावसायिक क्लबाने त्याला महिनाभराच्या चाचणीसाठी बोलावलं. गिरणी बंद पडल्यापासून अण्णा त्या नोकरीकडे डोळे लावून बसलेले. “चेंडू मारून पोट भरतला काय?” त्यांनी विचारलं. पद्या गेलाच. अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तिथल्या पहिल्याच सामन्यात याने चेंडू झकास मारला आणि बॅट हातात घेऊनच सुटला! बेसबॉलमध्ये बॅट टाकून धावायचं आणि बेसला पाय लावायचा असतो. पण चाळीतली सवय ती... पठ्ठ्याने वाकून लांबूनच पहिल्या बेसवर बॅट टेकवली आणि ऐटीत पंचांकडे पाहिलं. सगळं मैदान हसलं. शेजाऱ्यांच्या फोनवर आईला हे सांगताना तो रडवेला झाला होता; आता परत पाठवणार, अशी खात्रीच झाली होती त्याची. आईने अण्णांना सांगितलं मात्र, अण्णा खो खो हसत सुटले. रिसीव्हर ओढून घेत ओरडले, “रे मेल्या, बॅट घेऊन कित्याक धावतंस? टाकून धाव!” तो गेल्यापासून बापलेकात झालेलं ते पहिलं बोलणं.

क्लबाने त्याला ठेवून घेतलं. दोन मोसम खेळला, मग खांदा गेला आणि तो परत आला. सरकारी नोकरी केव्हाच हातची गेली होती. परळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक झाला, संध्याकाळी मैदानावर पोरांना बेसबॉल शिकवू लागला. मी एकदा खोदून विचारलं, “पश्चात्ताप होतो का रे?”

“वेडा आहेस का? खेळायचे पैसे मिळाले यार मला. तुला बँकेत कोणी टाळ्या वाजवल्या कधी?”



गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. चाळीच्या जागी आता टॉवर झालाय. अण्णा खिडकीशी बसून पद्याच्या जुन्या ग्लोव्हला खोबरेल चोळत होते. “चामडा सुकला तर तडकता. मैदानावरच्या पोरांका लागता ह्यो,” म्हणाले आणि ग्लोव्ह माझ्यापुढे धरला. “घाल.”

घातला. आत त्याच्या बोटांचे खळगे तसेच होते.

“उभो रव थंय.” अण्णांनी टेबलावरचा चेंडू उचलला आणि खुर्चीतूनच फेकला. मी कसाबसा झेलला.

“बघतंस काय? परत टाक.”