कडेनं बघणाऱ्या महादेवीबाई

पाणी वाचवायचं म्हणून मी मन्मथअप्पांच्या गालातून काढलेल्या गाठीचा फक्त मधला तुकडा तपासला, आणि 'कर्करोग सौम्य, गाठ पूर्ण निघाली, पुढे काही करायला नको' असा रिपोर्ट लिहून मोकळा झालो.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या, नळ कोरडे. प्रयोगशाळेत टँकरचं पाणी पिंपात साठवायचं आणि काचपट्टीवरच्या तुकड्याला रंग दिला की त्याच पाण्यात धुवायचा. नांदेडहून शिकून आलेला मी पट्ट्याच कमी करत होतो. वरिष्ठ डॉक्टर महादेवीबाई रजेवरून आल्या की पाठ थोपटतील, अशी माझी खात्री होती.

बाई उदगीरच्या, धान्याच्या अडत्याची लेक. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्याआधी पट्टी खिडकीशी धरून चारी बाजूंनी फिरवायची त्यांची सवय. आल्या आल्या त्यांनी माझी पट्टी तशीच फिरवली.

"कड कुठाय?"

"मॅडम, मधला भाग अगदी नमुनेदार होता."

"मधी तर सगळेच शहाणे असतेत, नांदेडकर. सोभाव कळतो बांधावर. माणसाचाबी, गाठीचाबी. पानी किती वाचलं?"

"अर्धी बादली."

"मग तेवढ्यात तोंड धुवा."

पेशंट टाके दाखवून जाईपर्यंत उरलेली गाठ बाई फेकू देत नसत, म्हणून ती बरणीत शिल्लक होती. त्यांनी स्वतः कडेचे तुकडे घेतले, पिंप निम्मं रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मध्ये एकमेकींना धरून शिस्तीत असलेल्या पेशी कडेला फुटून एकेकट्या, दोन-दोन अशा मांसात शिरल्या होत्या. एका मज्जातंतूला तर त्यांनी विळखाच घातला होता.

"जथ्यानं येतंय त्याला अडवता येतंय," बाई म्हणाल्या. "हे चोरपावलानं घुसून राहिलेत. आन् राखणदार कुठं हायत?" राखणदार म्हणजे गाठीला वेढा घालणाऱ्या पांढऱ्या पेशी. दाट असल्या की बाईंचा चेहरा खुलायचा. इथं चार-दोनच होत्या.

"म्हणजे गाठ परत येणार?"

"येईलच असं न्हाई. पर वाट बगत बसायची न्हाई. रोग पयला मानेत उतरतोय, तिथल्या गाठी काढायच्या, किरणांचा शेक द्यायचा. आत्ताच."

अप्पा तर खुशीत उदगीरला घरी गेलेले. मी म्हणालो, "चूक माझी आहे, मी एकटा जातो."

"चूक तुमची, रिपोर्ट आपल्या खोलीचा. चला. यस्टीत तोंड उघडायचं न्हाई."

अप्पांचं किराणा दुकान, मागं घर. माझा रिपोर्ट देव्हाऱ्यात होता, वर विभूतीची तीन बोटं. अप्पांच्या बायकोनं, गंगाबाईंनी, मला पाटावर बसवलं, पेढा दिला. तो मी खाल्लासुद्धा. बाईंनी मात्र हातातला पेढा खाली ठेवला.

"अप्पा, देव्हाऱ्यातला कागद चुकलाय. कड बघितली न्हाई. रोग आत घुसलाय."

अप्पांनी देव्हाऱ्यातला कागद काढून पालथा ठेवला. मग म्हणाले, "मरतो का म्या?"

"बसून राहिलात तर मरताल. आज चलताल तर झुंजता येतंय. शब्द देत न्हाई, संगं येते."

"कोन चुकलं?" गंगाबाईंनी विचारलं.

बाई तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "मी." त्या आठवड्यातलं माझं तेवढंच निदान बरोबर होतं.

बाई खरंच अप्पांच्या ऑपरेशनला मुंबईपर्यंत गेल्या, रजा टाकून. अप्पांचा गाल आत गेला, बोलणं बोबडं झालं, जन्माची तंबाखू सुटली, पण माणूस राहिला. दरवर्षी ते तोंड उघडून दाखवायला बाईंकडेच यायचे. त्यांना कितीदा सांगितलं की हे सर्जनला दाखवा. ऐकतील तर शपथ.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी अप्पा आणि गंगाबाई हार घेऊन आले. गंगाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "बाईंच्या जागी आता कोन?"

मी सदरा सारखा करून म्हणालो, "मीच."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"आवो, आता चुकूनबी तमाखूला हात लावू नगा."