कोलंबीचा वास

कोळ्याच्या पोरीला कोलंबीची किळस येते म्हटल्यावर लोक हसतात. हसा बापडे! ती कोलंबी तुम्ही हुंगली नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पाचूबंदरचे. आई वसईच्या बाजारात पाटी घेऊन बसायची, रविवारी मी मदतीला. तिचा गळा असा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक मागे वळायचं. आणि नाक त्याहून तिखट. बर्फातली कोलंबी ती डोळे मिटून हुंगायची आणि नासकी तेवढी बाजूला फेकायची. "माज्या पाटीवर सडका माल मिळनार नाय," हा तिचा तोरा. बाजारात तिची पत होती ती एवढ्यावरच.

एका रविवारी आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, बँकेत नोकरी करणारी बाई, तणतणत परत आली. थोड्या वेळापूर्वी नेलेली कोलंबी तिने पाटीतच ओतली. "हुंगा जरा! शी!" मी तर नाक दाबून मागे सरले. आईने मूठभर उचलली, नाकाशी धरून चांगला श्वास घेतला. "कसला वास? कायच नाय. माज्या पोरांची शपत!" इतकं धडधडीत खोटं? तेही आमच्या शपथा घेऊन? मला आईचीच शिसारी आली. वर तिने त्या बाईला अशा शिव्या घातल्या, की ती पुन्हा फिरकली नाही.

पुढची वर्षं नुसती उतरण. आधी आईचा उजवा अंगठा बोटावर फिरत राहायचा, रिकाम्या हाताने कोलंबी सोलत असल्यासारखा. मग सगळा हातच थरथरू लागला, पापलेट कापताना सुरी घसरायची. चेहरा लाकडासारखा झाला. गिऱ्हाइकं म्हणायची, माज आलाय हिला. गळा इतका बसला, की शेजारची कोळीण "काय गो?" म्हणत कान पुढे करायची. पाऊल अडखळायला लागल्यावर तर बोभाटाच झाला, सकाळीच ढोसून येते म्हणे! थेंबाला न शिवलेली बाई ती. जिने वर्षानुवर्षं वाट्यावर चार मासे जास्त टाकले, तिची लाळ गळताना बघून त्याच बायका नाकाला पदर लावून पुढे जायच्या. थू त्यांच्यावर!

शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "यांना वास येतो का?" आईने मान हलवली. नाही. कधीपासून, ते तिला आठवेना. डॉक्टर म्हणाले, या आजारात पुष्कळदा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी नाक जातं. माणसाला पत्ताही लागत नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बाहेर येताच मी तिचा हात धरून आनंदाने म्हटलं, "आई, म्हणजे त्या कोलंबीचा तुला खरंच वास आला नव्हता! तू खोटं बोललीच नव्हतीस!"

ती जागीच थांबली. चेहरा हलला नाही, डोळे मात्र भरले. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"म्हंजे ती बाय खरी बोलत होती?"

आजाराचं पुढे काय होणार, हे तिने विचारलंच नाही. पुन्हा ओठ हलले.

"अजून किती जनींच्या घरात सडकी घातली गो मी?"