ऑपरेटरबाईंनी किल्ली दिली नाही

आमच्या रुग्णालयातलं टेलिफोनचं बोर्ड काढून टाकलं त्याला सोळा वर्षं झाली, तरी ऑपरेटरबाईंना सगळे ऑपरेटरबाईच म्हणतात. बोर्ड गेलं तेव्हा त्यांना दारावर चिठ्ठ्या वाटायला बसवायचं घाटत होतं. त्या तडक तेव्हाच्या अधीक्षकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मला बसायला खुर्ची नको, करायला काम द्या. नुसतं बसायचं तर घरी जागा आहे."

अधीक्षकांनी बला टळावी म्हणून त्यांना पॅथॉलॉजीच्या रेकॉर्ड रूममध्ये धाडलं. तिथं चार वर्षांनी सर्व्हर आला. त्याच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं कुणी उघडली नव्हती. ती बाईंनी उघडली. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. वर्गातली पोरं त्यांना काकू म्हणायची. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्या वेळी पास झाल्या, आणि दोन्ही निकाल त्यांनी आम्हाला सारख्याच आवाजात सांगितले.

मी त्याच विभागात काचपट्ट्या रंगवतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा येतो, त्याचा पापुद्र्यासारखा काप काचेवर बसवायचा आणि डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसाव्यात म्हणून रंगवायचा, एवढं माझं काम. काचेवर नाव नसतं, फक्त नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा, हे पूर्वी वहीत लिहीत. सर्व्हर आल्यावर वही बंद झाली. बारा वर्षांच्या ऐंशी हजार काचा आमच्या कपाटांत आहेत आणि त्या कुणाच्या, हे फक्त त्या एका यंत्राला ठाऊक होतं.

एका सोमवारी सकाळी वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा आल्यावर सर्व्हर सुरू होता होता थांबला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली: फाइल सिस्टिममध्ये चुका आहेत, हातानं दुरुस्त करा. पुढे काही नाही. बंद करून परत लावला, पुन्हा तेच.

अकरा वाजता सर्व्हरच्या देखभालीचं कंत्राट असलेल्या कंपनीचा इंजिनियर आला. माणूस सज्जन होता, पण त्या दिवशी त्याला अजून तीन ठिकाणी जायचं होतं. पाच मिनिटं बघून तो म्हणाला, "फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाकतो. चारपर्यंत चालू."

"आणि आतलं?" बाईंनी विचारलं.

"आतलं गेलं, मॅडम. बॅकअप असेल तर चढवू."

बॅकअप होता. तो कंपनीनंच लावून दिला होता, त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागावर. म्हणजे तोही तिच्यातच अडकलेला. इंजिनियर खाली बघून लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

"गेलं म्हणजे कुठं गेलं?" बाई म्हणाल्या. "डिस्क तर इथंच आहे. कुठली फाइल कुठं ठेवलीय ती यादी बिघडलीय. यादी फाटली म्हणून कपाट जाळता का तुम्ही?"

"मग दुरुस्तीची कमांड सोडतो. प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' म्हणत जाईल. वाचेल ते वाचेल."

बाईंनी यंत्राच्या पत्र्याला कान लावला. आतून टक्, टक् येत होतं. "ही डिस्क मरायला टेकलीय. हिच्यावर एक अक्षर लिहायचं नाही. आधी हिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर, आणि दुरुस्ती नकलेवर."

"उद्या सकाळ उजाडेल त्याला."

"उजाडू दे की. उद्या सकाळ रोजच उजाडते."

इंजिनियर सरळ अधीक्षकांकडे गेला. आताच्या अधीक्षक स्वतः डॉक्टर, कडक आणि घाईतल्या. त्या खाली आल्या तोवर बाईंनी नवी डिस्क जोडून नक्कल चालू केली होती, सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली होती.

"बाई, माझा विभाग बंद पडलाय. मला तो आज चालू हवा. किल्ली द्या."

"देते मॅडम. फक्त लेखी द्या."

"काय लेखी?"

"बारा वर्षांच्या नोंदी पुसून टाकायला माझी परवानगी आहे, असं लिहा, खाली सही आणि तारीख. मी किल्ली तुमच्या हातात ठेवते आणि घरी जाते."

व्हरांड्यात तपासण्यांसाठी बसलेली माणसं माना वळवून बघायला लागली. बाईंनी कोरा कागद पुढं केला, पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं. अधीक्षकांनी कागद घेतला, वाचण्यासारखं त्यावर काही नव्हतं तरी वाचल्यासारखं केलं, आणि इंजिनियरला म्हणाल्या, "तांत्रिक निर्णय तुमचा आहे. तुम्ही लिहा."

इंजिनियर म्हणाला, "आम्ही फक्त सल्ला देतो, मॅडम. लिहायचं ग्राहकानं."

कागद दोनदा इकडून तिकडे गेला. शेवटी तो कोराच बाईंच्या हातात परत आला. त्यांनी घडी घालून तोही स्वेटरच्या खिशात ठेवला.

"उद्या दुपारी दोनपर्यंत वेळ देते," अधीक्षक म्हणाल्या. "नाही झालं तर तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ दे. ती तरी लेखी होईल."

मला बाजूला घेऊन माझे डॉक्टर पुटपुटले, "हिला समजव रे." मी काय समजावणार? माझ्या हाताखालून गेलेल्या काचा होत्या त्या. शिवाय त्याच दिवशी एक शिवणकाम करणारी बाई बाहेर बाकावर बसली होती. सात वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ आमच्याकडे तपासली होती. आता फुप्फुसात डाग दिसत होता. जुनंच दुखणं परत आलंय की हे नवीन, ते जुनी काच नव्या काचेशेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. जुनी काच कपाटात होती. पण ऐंशी हजारांतली कुठली? तिच्याकडची कागदपत्रं घर बदलताना गहाळ झालेली. ती मात्र कुणावर चिडत नव्हती. पिशवीतलं एक झबलं काढून त्याला काजं करत बसली होती.

दुपारी बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. ते बसचे निवृत्त ड्रायव्हर. बाईंचे दोन्ही हात यंत्रामागच्या वायरींत, म्हणून त्यांनी मला फोन स्पीकरवर लावायला सांगितलं.

"अगं, काय ऐकतोय मी? अधीक्षकांशी वाकडं घेतलंस?"

"वाकडं नाही, सरळच बोलले."

"चार वर्षं राहिलीत तुझी. गप बसावं माणसानं."

"अहो, ब्रेक लागत नसताना डेपोवाला बस काढ म्हणाला असता, तर काढली असती तुम्ही?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "नसती काढली."

"मग झालं तर."

"बरं. जेवायला येतेस ना, की तिथंच बिऱ्हाड थाटतेस?"

"सहाला येते. नक्कल आपली आपण होतेय, तिला काही माझी मांडी लागत नाही."

मंगळवारी सकाळी आठला त्या आल्या तेव्हा नक्कल झाली होती. त्रेचाळीस ठिकाणं काही केल्या वाचता आली नव्हती. बाकी सगळं उतरलं होतं. बाईंनी दुरुस्तीच्या कमांडला आधी नुसतं बघायला लावलं, हात लावू दिला नाही. ती पहिल्याच पायरीवर अडली. फाइल सिस्टिमचं पहिलं पान, ज्यावर सगळी मांडणी लिहिलेली असते, तेच खराब होतं.

"त्या पानाच्या जादा प्रती डिस्कवर ठिकठिकाणी ठेवलेल्या असतात," बाई मला म्हणाल्या. "ज्यानं हे बनवलं त्याला माणसाचा भरवसा नव्हता. भला माणूस."

पहिली जादा प्रतही खराब निघाली. दुसरी चालली. मग प्रश्न यायला लागले: हा तुकडा कुणाचा कळत नाही, जोडू का? ही मोजणी जुळत नाही, सुधारू का? बाई शेजारी वही ठेवून एकेक वाचत, लिहीत आणि मगच उत्तर देत. इंजिनियर दारात उभा राहून घड्याळ बघत होता. थोड्या वेळानं तो आत आला. नंतर स्टूल ओढून बसला आणि त्यानं वही आपल्या हातात घेतली. बाई बोलायच्या, तो लिहायचा.

एकला काम संपलं. नकलेवरून सर्व्हर सुरू केला. दारात अधीक्षक येऊन उभ्या होत्या. पडद्यावर ओळी सरकल्या आणि पुन्हा तीच पांढरी अक्षरं. हातानं दुरुस्त करा.

"झालं समाधान?" अधीक्षक म्हणाल्या.

बाईंचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तो तसा मी पहिल्यांदा पाहिला. त्या फरशीवर बसल्या, मांडीवर हात ठेवून. मग एकदम उठल्या. "अजून एक तास आहे माझा, मॅडम." यंत्राच्या मागं डोकं घालून त्यांनी आतूनच विचारलं, "अहो इंजिनियर, जुनी डिस्क काढली होती का आपण?"

काढली नव्हती. नक्कल अशी हुबेहूब की दोन्ही डिस्कची ओळख एकच. यंत्रानं त्या ओळखीनं हाक मारली आणि ओ दिली ती जुनीनं. बाईंनी तिची वायर उपटली आणि बटण दाबलं.

या वेळी ओळी थांबल्या नाहीत. आमच्या विभागाचा नेहमीचा फिका निळा पडदा आला, आणि इंजिनियरनंच आधी टाळी वाजवली. अधीक्षक निघून गेल्या.

सहा हजारांवर फाइलींची नावं हरवली होती. त्या नुसत्या आकड्यांच्या नावानं एका फोल्डरमध्ये पडल्या होत्या. आत रुग्णाचा नंबर असायचा, त्यावरून बाईंनी एक छोटा प्रोग्रॅम लिहून बहुतेकांना नावं परत दिली. उरलेल्या फाइली बाईंनी आणि इंजिनियरनं मिळून एकेक उघडून लावल्या. एकोणीस नोंदी कायमच्या गेल्या. त्यांची यादी बाईंनी टाइप करून स्वतःच्या सहीनं अधीक्षकांना पाठवली. "लपवायला मी काय चोरी केलीय?"

शिवणकामवालीची काच बुधवारी सापडली. डॉक्टरांनी दोन्ही काचा शेजारी ठेवून पाहिल्या. पेशी वेगळ्या होत्या. जुनं दुखणं परतलेलं नव्हतं. नवी गाठ लहान होती, काढण्याजोगी. ती बाई डॉक्टरांना, मला, दारावरच्या शिपायाला, सगळ्यांना नमस्कार करून गेली. ऑपरेटरबाईंपर्यंत ती पोचलीच नाही. त्या फोल्डर आवरत होत्या.

आठवड्यानं बाईंना कारणे दाखवा नोटीस आली: वरिष्ठांनी मागूनही किल्ली का दिली नाही? बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं, "लेखी मागितली नाही म्हणून," आणि तो कोरा कागद पुरावा म्हणून सोबत जोडला. पुढे त्याचं काही झालं नाही. माफीही कुणी मागितली नाही, शाबासकीही नाही. कंपनीचं कंत्राट वर्षअखेरीस होतं तसंच पुढं चालू राहिलं.

बदललं ते एवढंच, की बॅकअप आता दुसऱ्या इमारतीत जातो, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई त्याच्यावरून अख्खा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर उभा करून बघतात. पहिल्याच सोमवारी अधीक्षक म्हणाल्या, "आज नको बाई, गर्दी फार आहे."

"गर्दी आहे म्हणूनच आज," बाई म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन कामाला लागल्या.