साहेब आलेत

गेल्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये एका आजींनी मला आणि सायराला चांगलंच पकडलं. अजून मनातून जात नाहीये, म्हणून लिहितेय... आजींना विचारूनच लिहितेय, फक्त नाव बदललंय.

मी भोरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. लॅब म्हणजे दोन खोल्या. पुढे माझी खुर्ची आणि पेशंटचा बाक, मध्ये पडदा, पडद्यामागे मशीन आणि सायरा. नऊ वर्षं आम्ही दोघी एकत्र आहोत, त्यामुळे आमची आपली एक भाषाच तयार झालीय.

एखाद्याची शीर सापडेना झाली की मी आत हाक मारते, "सायरा, इथं रेंज नाही!" मग ती येऊन एका टोचण्यात काम करते. रिपोर्ट कधी मिळणार म्हणून दर पाच मिनिटांनी विचारणारा माणूस म्हणजे "चौकशी खिडकी". सुई बघून डोळे मिटून पुटपुटायला लागणारे "ध्यानाला बसले". दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि लघवीच्या बाटल्या हाताळताना तेवढंच हसू...

एक शब्द मात्र हसण्याचा नव्हता. "साहेब आलेत." मशीनवर एखादा आकडा फारच वाईट आला की सायरा पडद्यामागून एवढंच म्हणायची. मग मी डॉक्टरांना फोन लावायचा आणि पेशंटला काहीतरी कारण सांगून थांबवून ठेवायचं. लोकांना धक्का बसू नये म्हणून आम्हीच ठरवलेलं. खरं सांगायचं तर मला त्याचं जरा कौतुकच वाटायचं.

त्या दिवशी हिर्डोशीहून ताराआजी आणि त्यांचे मालक, म्हणजे बाबा, आले होते. आजी शुगर तपासायला अधूनमधून येतात, त्यामुळे चांगली ओळख. या वेळी तपासणी बाबांची होती. चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागत होती, चेहरा पांढराफटक. बाकावर भिंतीला टेकून ते डोळे मिटून बसले होते. दुपारच्या एसटीनं परत जायचं आणि रिपोर्ट पुढच्या खेपेला न्यायचा, असं त्यांचं ठरलेलं.

एसटीला अर्धा तास राहिला असेल... पडद्यामागून आवाज आला, "साहेब आलेत गं."

आत जाऊन बघितलं तर बाबांचं हिमोग्लोबिन पाचच्याही खाली. पुरुषांचं तेराच्या वर हवं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, यांना अजिबात घरी पाठवू नका, पुण्याला हलवा.

बाहेर येऊन मी आजींना म्हटलं, "आजी, जरा थांबावं लागेल हं. मशीन अडकलंय."

आजींनी पडद्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, आत सायब आल्यात न्हवं? आमच्या ह्यांच्यासाठी हायती का?"

आजींनी मला सारवासारव करूच दिली नाही.

"किती वर्सं येतीया मी हितं. एक बी सायब दारातनं आत गेल्याला बघितला न्हाई. तू फोन लावतीस, आन मग कुणीतरी तोंड पाडून भाईर जातंय. तुमी सायब म्हनला की आमी समदी एकमेकांची तोंडं बघत बसतो... कुनासाठी आल्यात म्हून."

मी बाकाकडे बघितलं. भोंगवलीच्या एक बाई मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारचे काका हातातला मोबाईल खाली ठेवून माझ्याकडे बघत होते. एका माणसाला धक्का बसू नये म्हणून आम्ही इतकी वर्षं अख्खा बाक घाबरवून ठेवत होतो...

मी आजींना आत नेलं आणि सायराच्या खुर्चीत बसवलं. सांगितलं, "बाबांच्या अंगात रक्त फार कमी झालंय. कशामुळं ते डॉक्टर शोधतील. पण आज गावाला जाऊ नका, त्यांना पुण्याला न्यावं लागेल."

मला वाटलं, आता आजी कोसळणार. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "त्यास्नी चालवू का नगं? का गाडीच हितं दारात आनायची?"

मग त्यांनी माझ्याच फोनवरून शेजारणीला म्हशीला पाणी दाखवायला सांगितलं, पुण्यातल्या पुतण्याला कळवलं. तोवर सायरानं तिच्या भावाला गाडी घेऊन बोलावलंही होतं. बाबांना आम्ही तिघींनी धरून गाडीत बसवलं.

पुण्यात तपासल्यावर कळलं, गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन बाबांच्या पोटात जखम झाली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं. एसटीनं गेले असते तर पुढं फाट्यापासून घरापर्यंत चढ चालायचा होता... डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं आणि मीही पुढचं विचारलं नाही. बाबांना रक्त चढवलं, उपचार झाले. आता ते घरी आहेत.

त्या दिवसानंतर सायरा पडद्यामागून तसलं काही बोलत नाही. उठून पुढे येते. परवा सारोळ्याचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या प्लेटलेट्स खूप खाली गेल्या होत्या. सायरा त्यांना आत घेऊन गेली, समोर स्टुलावर बसली आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, मुलाला फोन लावला आणि तिला हात जोडून निघाले.

ते गेल्यावरही सायरा तिथंच बसून होती. मी पाणी नेऊन दिलं. "सोपं नाही गं," एवढंच म्हणाली.

आजी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मला वाटायचं, लोकांना ऐकवणार नाही. खरं तर आम्हालाच सांगवत नव्हतं...